दिगंबर पोतनिसांचा संगमरवरी ओटा

त्या काळी अमेरिकेतल्या पार्सिपनीत मराठी माणसाने घर घेतलं की दोन समारंभ व्हायचे. एक सत्यनारायण आणि दुसरा घर दाखवणं. दुसऱ्याला वेळ जास्त लागायचा. यजमान पुढे आणि पाहुणे मागे, अशी मिरवणूक तळघरातल्या बॉयलरपासून निघायची ती थेट वरच्या मजल्यावरच्या कपाटांत शिरायची. बाथरूममधले दिवे लावून दाखवायचे, मंद करून दाखवायचे. पाहुण्यांनी खोलीगणिक ‘वा’ म्हणायचं आणि मनातल्या मनात आपल्या घराशी मापं लावायची.

दिगंबर पोतनीस हा अशा मिरवणुकीत सगळ्यात शेवटी चालणारा माणूस. मूळचा साताऱ्याचा, केमिकल इंजिनियर. एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. भिंतीला लावलेला रंग वाळल्यावर किती चमकतो, हे मोजणं हे त्याचं काम. दिवसभर बिनचमकीचे फ्लॅट, मंद चमकीचे सॅटिन आणि चकचकीत ग्लॉस असे तुकडे दिव्याखाली धरून बसायचा आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात खायचा. त्याची बायको प्रतिमा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. मुलगी दीपा शाळेत सातवीला. आम्ही त्यांच्या मागच्याच रस्त्यावर राहायचो. प्रतिमा आणि मी दर आठवड्याला एका गाडीतून भाजी आणायला जायचो, त्यामुळे पुढे जे घडलं ते मी बरंचसं डोळ्यांनी पाहिलं आणि उरलेलं वांगी निवडता निवडता ऐकलं.

सुरुवात झाली डॉक्टर चंद्रशेखर बिवलकरांच्या घरी. डॉक्टर हृदयाचे, घर टेकडीवरचं. त्र्याऐंशी साली त्यांनी ते नवीन बांधून घेतलं आणि आमच्या सगळ्या महाराष्ट्र मंडळाला जेवायला बोलावलं. मिरवणूक वरच्या मजल्यावर गेली, मास्टर बेडरूम ओलांडून बाथरूममध्ये शिरली आणि तिथे थांबली. पुढे सरकेचना. आत सोनेरी नळ होते, भिंतभर आरसा होता आणि बेसिनभोवती गुळगुळीत, पांढऱ्यावर राखाडी रेषा असलेला कट्टा होता.

“इटालियन मार्बल,” डॉक्टर म्हणाले. “हात लावून बघा.”

सगळ्यांनी ओळीने हात लावला. दिगंबरपर्यंत पाळी येईतो डॉक्टरांच्या बायकोने, सुलेखावहिनींनी, खालून जेवायची हाक दिली आणि त्याचा हात लावायचा राहिला. मला वाटतं, तिथेच बिनसलं.

वर्षभरात पोतनिसांच्या घराचं स्वयंपाकघर उखडलं गेलं. जुनी तपकिरी फरशी गेली, तिथे पांढऱ्या टाइल्स आल्या. टाइल्सच्या मधल्या फटींत ग्राउट भरतात, तेही त्याने पांढरंशुभ्र निवडलं. दुकानदार म्हणाला, “सर, स्वयंपाकघरात करडं घ्या.” दिगंबर म्हणाला, “व्हाइट.” आणि ओटा मात्र खऱ्या संगमरवराचा. आठवडाभर तो रोज ऑफिसातून चमक मोजायचं यंत्र घरी आणून ओट्यावर ठेवायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. दीपा म्हणायची, “डॅड, इट्स अ काउंटर.”

घर दाखवण्याचा समारंभ झाला. या वेळी दिगंबर मिरवणुकीच्या पुढे होता. कधी फारसा न बोलणारा हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बोलायला लागला तो थांबेचना.

“टाइल कधीच मळत नसते,” तो म्हणाला. “टाइल म्हणजे काच. मळतं ते ग्राउट. ग्राउट म्हणजे स्पंज. तुमच्या हातून चहा सांडला, तर टाइलवरचा तुम्ही पुसाल, पण ग्राउट तो पिऊन बसतं.”

त्या दिवशी कुणी त्या खोलीत चहा घेतला नाही. कप हातात धरून सगळे दारातूनच ‘वा’ म्हणाले.

प्रतिमाला पहिल्याच आठवड्यात कळलं की हे स्वयंपाकघर स्वयंपाकासाठी नाही. हळदीचा डबा आधी ओट्यावरून कपाटात गेला, मग कपाटातून तळघरात. फोडणी दिली की दिगंबर ओला कपडा घेऊन मागे उभा. टोमॅटो चिरायचा तर ताटात, ताट पाटावर, पाट वर्तमानपत्रावर. लिंबू पिळायचं तर सिंकमध्ये वाकून. दर शनिवारी सकाळी तो गुडघ्यांना बागकामाची गादी बांधून जमिनीवर उतरायचा आणि फटीमागून फट टूथब्रशने घासत दारापर्यंत यायचा. ब्रश जुना झाला की घरातला दुसरा उचलायचा. दीपाच्या डेंटिस्टने तिला विचारलं, नवा ब्रश किती दिवसांनी घेतेस? ती म्हणाली, “एव्हरी सॅटरडे.” डॉक्टरीणबाईंनी तिला शाबासकी दिली.

“दिगंबर, मी कुठे स्वयंपाक करू ते सांग,” प्रतिमा एक दिवस म्हणाली. भांडण नव्हतं. तिने पत्ता विचारावा तसं विचारलं.

त्याने खरंच विचार केला. संध्याकाळभर केला. दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजमधली गाडी बाहेर काढली, आत घडीचं टेबल लावलं, त्यावर दोन विजेच्या शेगड्या ठेवल्या आणि वर एक ट्यूबलाइट टांगली. त्यांचं गॅरेज घराला जोडलेलं नव्हतं, मागच्या अंगाला सुटं होतं. मध्ये सिमेंटची पायवाट. “व्हेंटिलेशन बघ किती आहे,” तो दार वर ओढून म्हणाला.

व्हेंटिलेशन होतं यात शंका नाही. डिसेंबरात प्रतिमा फुगीर जॅकेट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून बटाट्याची भाजी करायची. फोडणीत मोहरी तडतडली की ती शेगडीवर हात शेकून घ्यायची. पण गंमत अशी की आम्हा बायकांना ते गॅरेज आवडायला लागलं. तिथे काही सांडलं तरी कुणी ओरडणारं नव्हतं. आम्ही घडीच्या खुर्च्या आणल्या. कुणी जुना रेडिओ आणला. शनिवारी दिगंबर आत फरशी घासत असताना आम्ही बाहेर शेव पाडायचो, मेथी निवडायचो, आणि आपापल्या नवऱ्यांबद्दल जे बोलायचं ते बोलायचो. पाहुणे आले की पुढच्या दाराने आत जायचे, पांढरं स्वयंपाकघर बघायचे आणि जेवण मागच्या दाराने यायचं. एकदा कुणाची तरी नवी सून मला हळूच म्हणाली, “मावशी, यांचा कॅटरर छान आहे हो.”

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात साताऱ्याहून दिगंबरची आई आली. सुमित्राबाई, सगळे माई म्हणायचे. सत्तरीला टेकलेल्या, पण हातपाय धड आणि बसून राहण्याची सवय नाही. त्या आल्यावर प्रतिमाचं ‘दिगंबर’ बंद होऊन ‘अहो’ सुरू झालं, एवढा एक फरक सोडला तर पहिला आठवडा शांततेत गेला. मुलाला फरशीचं वेड आहे, हे माईंच्या लगेच लक्षात आलं. पोरगा गुडघ्यांवर रांगतो, हेही त्यांनी पाहिलं, आणि ते त्यांच्या काळजाला लागलं.

सोमवारी सगळे कामाला आणि शाळेला गेल्यावर माईंनी पदर खोचला. बाथरूममधून बादली भरून आणली. साबणाचं पाणी सबंध स्वयंपाकघरभर फेकलं, सिंकखालची खरखरीत घासणी घेऊन फरशी घासली, वरून दोन बादल्या स्वच्छ पाणी ओतलं आणि झाडूने सगळं पाणी कोपऱ्यातल्या जाळीत लोटलं. अमेरिकेतल्या घरांत जमिनीत अशा लोखंडी जाळ्या असतात. त्या मोरीच्या नसतात. हिवाळ्यात खालून गरम हवा यावी म्हणून त्या केलेल्या असतात.

सगळं पाणी गरम हवेच्या नळीतून तळघरात उतरलं.

दिगंबर संध्याकाळी घरी आला तेव्हा तळघराच्या छताचा एक तुकडा सोफ्यावर येऊन पडला होता आणि दीपाचा टेबल टेनिसचा बोर्ड फुगला होता.

“माई, ती मोरी नाही!”

“जाळी होती की,” माई म्हणाल्या. “मग मोरी कुठंय?”

“मोरी नसते इथे.”

“मग फरशी धुतात कशी?”

“धूत नाहीत. पुसतात.”

माई प्रतिमाकडे वळल्या. “एवढ्या विमानानं आले,” त्या तिला म्हणाल्या, “आणि इथं फरशीच धूत नाहीत.”

माईंना वाईट वाटलं होतं. मुलासाठी करायला गेलो आणि भलतंच झालं, म्हणून त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. प्रतिमाने त्यांना गॅरेजमध्ये नेलं, आमची ओळख करून दिली. तिथे त्या रमल्या. पण मनात मुलाचं खुपत होतं. आणि जूनमध्ये, लिंबं स्वस्त होती म्हणून आम्ही पिशवी भरून आणली, तेव्हा त्यांना वाटलं, आता मुलासाठी लोणचं घालायची संधी आहे.

त्या दिवशी गॅरेजमध्ये उकडत होतं, म्हणून माई लिंबं आत घेऊन गेल्या. पाट, ताट, वर्तमानपत्र हे सगळं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. थेट ओट्यावरच लोणच्याच्या फोडी केल्या. चिरून झालं, तर ओटा चिकट. साताऱ्याला तांब्याची भांडी कशाने लख्ख होतात? लिंबाच्या सालीने आणि मिठाने. माईंनी सालं गोळा केली, मीठ घेतलं आणि दोन हातांनी सगळा ओटा घासून काढला. दमल्या, पाणी प्यायल्या, परत घासला. मग पुसला आणि मुलाची वाट बघत बसल्या.

मी त्यांना लोणच्यासाठी बरणी द्यायला गेले होते म्हणून मला तो क्षण सापडला. दिगंबर दारातून आत आला आणि थबकला. ओट्याची चमक गेली होती. मध्यभागी हात जिथे जास्त फिरला तिथे खडूसारखा पांढुरका पट्टा, कडेला चमक शिल्लक, आणि जागोजागी अर्ध्या लिंबाएवढी गोल वर्तुळं.

“केवढा लख्ख केलाय बघ,” माई म्हणाल्या.

दिगंबरने तोंड उघडलं. माईंच्या हाताची बोटं लिंबाने सुरकुतली होती. त्याने तोंड मिटलं.

“छान झालाय, माई,” तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन पायवाटेवर उभा राहिला.

त्याची मला त्या वेळी दया आली, हे कबूल केलं पाहिजे. ती फार टिकली नाही. कारण दुसऱ्या दिवशी त्याने मला आणि प्रतिमाला उभं करून व्याख्यान दिलं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू म्हणजे आम्ल. हा डाग नाही, त्यामुळे पुसून जाणार नाही. दगडाचा वरचा थरच विरघळलाय. हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

“मग आता?” प्रतिमाने विचारलं.

“चमक परत आणायची तर पॉलिश करणारा माणूस बोलवावा लागेल.”

“बोलवा की.”

पण पॉलिशवाला बोलवायचा म्हणजे काहीतरी बिघडलंय असं मान्य करायचं. तो आला की त्याची गाडी दारात दिसणार, मागच्या रस्त्यावरून आम्हाला दिसणार, आमच्याकडून मंडळाला कळणार. दिगंबरने दुसरा मार्ग काढला. ओट्याचा बिघडलेला भाग चांगल्यासारखा करता येत नसेल, तर चांगला भाग बिघडलेल्यासारखा करावा. दोन शनिवार त्याने फरशीला हात लावला नाही. व्हिनेगरच्या बाटल्या, कापूस आणि पाण्यात भिजवलेला बारीक सँडपेपर घेऊन तो ओट्याला भिडला. वास गॅरेजपर्यंत येत होता. शेवटी सबंध ओटा एकसारखा मंद, दुधाच्या सायीसारखा झाला. चमक मोजायच्या यंत्रावर आकडा आला तो त्याने ‘वहिनी, वहिनी’ म्हणत मला ऐकवला.

“सॅटिन,” तो म्हणाला. “प्रॉपर सॅटिन.”

पुढच्याच महिन्यात त्यांच्याकडे मंडळाची मीटिंग होती. दरवाजात थांबून लोकांनी ‘वा’ म्हणायच्या आधीच कुणीतरी विचारलं, “अरे, याची चमक कुठे गेली?”

“काढली,” दिगंबर म्हणाला. “आता युरोपमध्ये चमक कुणी ठेवत नाही. सॅटिन फिनिश. स्वतः केलं मी.”

चमक काढून टाकणं ही गोष्ट तिथल्या कुणाच्या डोक्यातच आलेली नव्हती. चमक मिळवायला सगळ्यांची उमर गेली होती, आणि हा माणूस म्हणत होता की ती त्याने काढली. लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. दोन बायकांनी ओट्यावर बोट फिरवून “किती सॉफ्ट” म्हटलं. माई माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांना इंग्रजी शब्द कळले नाहीत, पण आपल्या लिंबाचं कौतुक चाललंय एवढं कळलं.

डॉक्टर बिवलकर सगळ्यात जास्त वेळ ओट्यापाशी उभे होते.

“दिगंबर,” निघताना ते म्हणाले, “आमच्या वरच्या बाथरूमला असं करून देशील? शायनी जरा आउटडेटेड वाटायला लागलंय, यार.”

डॉक्टरांनी त्याला ‘यार’ म्हटल्याचं दिगंबरने वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं.

रविवारी आम्ही सगळे टेकडीवर गेलो. काम दिगंबरचं, पण सुलेखावहिनींनी चहाफराळाचा बेतच करून टाकला होता. दिगंबर डॉक्टरांबरोबर वर गेला आणि मागोमाग हळूहळू सगळेच वर गेले. हातात चिवड्याच्या बशा घेऊन आम्ही दहाबारा माणसं एका बाथरूममध्ये दाटीवाटीने उभे राहिलो. दोघं टबात उभे होते. प्रतिमा कमोडच्या झाकणावर बसली होती, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

दिगंबरने बाह्या सरसावल्या, कापूस व्हिनेगरमध्ये बुडवला आणि कट्ट्याच्या कोपऱ्यात ठेवला. “थोडा वेळ लागतो,” तो म्हणाला. आम्ही थांबलो. त्याने कापूस उचलला. कोपरा पूर्वीसारखाच चमकत होता.

“जरा जास्त लागेल,” तो म्हणाला. नवा बोळा. पुन्हा थांबलो. चिवडा खाण्याचा आवाज तेवढा येत होता. बोळा उचलला, तर कोपरा होता तसाच.

मग दिगंबरने एक गोष्ट केली, जी दोन वर्षांपूर्वी करायची राहून गेली होती. त्याने कट्ट्यावर तळहात ठेवला. ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. मग बोटाच्या पेराने दोन ठिकाणी वाजवून पाहिलं. मग खाली वाकून बेसिन आणि कट्टा जिथे मिळतात तिथे बघितलं. तिथे सांधाच नव्हता. बेसिन आणि कट्टा एकाच साच्यातून ओतून काढलेले होते.

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. फक्त दिगंबरचा चेहरा दिसला. आयुष्यभर रंग आणि रेझिन यांच्यात काढलेला माणूस होता तो.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं. “होत नाहीये?”

बाथरूममधली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. सुलेखावहिनी दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. या बाथरूमवर त्यांचा फार जीव होता. पाहुण्यांनी वापरू नये म्हणून हात धुवायलाही त्या खालच्या बाथरूमला पाठवायच्या.

“डॉक्टर,” दिगंबर हळू आवाजात म्हणाला, “हा दगड फार घट्ट आहे. याच्यावर आम्लाचा परिणामच होत नाही. माझ्याने नाही होणार.”

“म्हणजे तुझ्या ओट्यापेक्षा चांगला निघाला!” डॉक्टर म्हणाले आणि मोकळेपणाने हसले. सगळे हसले. टबातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. “अरे, मला आधी विचारायचंस. मी तुला माझा बिल्डर दिला असता.”

“हो ना,” दिगंबर म्हणाला आणि कापसाचे बोळे गोळा करायला लागला.

परत येताना गाडीत मी, प्रतिमा आणि माई मागे होतो, दीपा पुढे. दिगंबरने टेकडी उतरून गाडी मोठ्या रस्त्याला घेतली.

“प्लास्टिक आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“ते इटालियन मार्बल. रेझिनमध्ये दगडाची भुकटी घालून साच्यात ओततात. त्यांना बिल्डरने फसवलंय.”

प्रतिमाला हसू फुटलं. मला फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही हसलो. माई विचारत होत्या काय झालं, काय झालं, आणि कुणालाच सांगता येईना.

“मग सांगितलं का नाहीस?” हसू आवरल्यावर प्रतिमाने विचारलं. माई गाडीत आहेत हे ती विसरली होती.

दिगंबरने रस्त्यावरची नजर काढली नाही. “काय सांगू? आणि मी माझ्या ओट्याबद्दल कुठे खरं बोललोय?” आणि मग म्हणाला, “कुणाला बोलू नका. उत्तरावहिनी, तुम्हीही.”

मी कुणाला बोलले नाही. त्यासाठी मला फार कष्ट पडले. कारण त्यानंतर डॉक्टर प्रत्येक घरी, प्रत्येक जेवणाला आपल्या आम्लालाही न जुमानणाऱ्या मार्बलची गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “विचारा दिगंबरला.” दिगंबर मान डोलवायचा. लोकांच्या नजरेत त्याचा ओटा पुन्हा साधा झाला. मऊ दगड, जरा हलका माल. सॅटिनची लाट आली तशी ओसरली.

ऑक्टोबरात माई साताऱ्याला परत गेल्या. जाताना विमानतळावर त्यांनी मुलाला सांगितलं की गुडघ्यांना तेल लावत जा. थंडी सुरू झाल्यावर पहिल्यांदा हीटर लावला, तर जाळीतून सगळ्या घरात साबणाचा वास आला. दीपा म्हणाली, “स्मेल्स लाइक आजी.”

आणि जानेवारीत प्रतिमा पडली. गॅरेजमधून आमटीचं पातेलं घेऊन घराकडे येत होती, पायवाटेवर बर्फाचा पातळ थर होता, तो दिसला नाही. आमटी बर्फावर गेली आणि प्रतिमा मनगटावर. हाड मोडलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आलं.

पहिले दोन दिवस आम्ही डबे पोचवले. तिसऱ्या दिवशी दिगंबर म्हणाला, “मी करतो.” जॅकेट, बूट आणि कानटोपी घालून तो गॅरेजमध्ये गेला. मी खिडकीतून पाहत होते. तो दार उघडून आत गेला, कांदा न्यायला परत आला, पुन्हा गेला, तेल न्यायला परत आला, मीठ न्यायला परत आला. प्रत्येक वेळी बूट काढायचे आणि परत घालायचे. तेल थिजलेलं होतं. शेगडी तापेना. भात अर्धा कच्चा घेऊन तो पायवाटेवरून म्हाताऱ्यासारखा पाऊल पाऊल टाकत आला. हे प्रतिमाने दोन हिवाळे केलं होतं, तेही हॉस्पिटलमधून दिवसभराचं काम करून आल्यावर. जेवताना ती डाव्या हाताने भात कालवत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले, तर गॅरेजचं दार बंद आणि गाडी आत. स्वयंपाकघरातून कांद्याचा वास येत होता. दिगंबर पांढऱ्या ओट्यावर, पाट नाही की वर्तमानपत्र नाही, कोथिंबीर चिरत होता. तळघरातून डबे वर आले होते. मी आत आले ती बूट दाराशी काढूनही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले. सवयच लागली होती.

“या की आत,” तो म्हणाला. “बाहेर गॅरेजमध्ये हीट लॉस फार होतो. शेगडी तापतच नाही.”

त्याच आठवड्यात त्याच्या हातून हळदीचा डबा पडला. सिंकसमोर, अगदी मधोमध. दीपाने मला हे नंतर सांगितलं. डॅड नुसता बघत उभा होता, म्हणाली. मग खाली बसून त्याने ती पुसली. टाइलवरची गेली. ग्राउटची राहिली. साबण झाला, सोडा झाला, ब्लीच झालं. पिवळ्या रेघा फिकट झाल्या पण गेल्या नाहीत. एक दिवस त्याने त्यावर पायपुसणं टाकलं, दोन दिवसांनी ते त्याला पायात यायला लागलं म्हणून काढून ठेवलं.

प्रतिमाला बघायला डॉक्टर बिवलकर आले होते. मनगट बघून झालं, चहा झाला, जाता जाता त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं.

“अरे, हे पिवळं काय आहे? डिझाइन?”

मी दिगंबरकडे पाहिलं. प्रतिमानेही पाहिलं. तो काहीतरी म्हणणार होता. त्याच्या ओठांची हालचाल झाली.

“हळद सांडली,” तो म्हणाला.

“ओ,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी कोट चढवला.

प्लास्टर निघालं तरी प्रतिमाने सगळा स्वयंपाक परत अंगावर घेतला नाही. मनगट दुखतं, म्हणाली, आणि शनिवार-रविवार त्याच्याकडेच ठेवला. आमचं गॅरेज गेलं, पण आता आम्ही स्वयंपाकघरात बसायला लागलो, आणि तिथे खुर्च्या जास्त बऱ्या होत्या. नवऱ्यांबद्दल बोलायचं मात्र थोडं अवघड झालं, कारण एक नवरा समोरच कणीक मळत असायचा.

दिगंबर बदलला असं मात्र कुणी समजू नये. त्या उन्हाळ्यात त्याला पुऱ्या जमायला लागल्या. पुरी का फुगते, हे त्याने शोधून काढलं. ऑफिसातून काचेचा लांब थर्मामीटर आणून तो तेलात धरायचा. आता त्यांच्याकडे जेवायला गेलं की सगळे ताट घेऊन ओट्याभोवती उभे असतात, पहिली पुरी झाऱ्यावर निथळत असते आणि दिगंबर तेलाच्या तापमानाबद्दल बोलत असतो. मागे एकदा डॉक्टर बिवलकर न राहवून म्हणाले, “दिगंबर, वाढतोस का?”

“एक मिनिट, डॉक्टर,” तो म्हणाला. “आधी वाफेचं ऐका.”

प्रतिमाने त्याच्या हातातून झारा काढून घेतला आणि डॉक्टरांच्या ताटात पुरी टाकली. “तुम्ही खा हो,” ती म्हणाली. “तो बोलेल.”